शिदोरी आणि खानावळ

प्रारंभीच कबूल करून टाकते की, संगणक या विषयावर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. मी तृतीय वर्ष कला शाखेची, मराठी विषय घेतलेली विद्यार्थिनी. संदर्भग्रंथ, टाचणे आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचा चहा एवढेच माझे जग. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मात्र माझ्या मावसभावाने, म्हणजे आमच्या दादाने, लॅपटॉपवरून मान वर न करता मला विचारले, "लायब्ररी पोटात घालू की बाहेर ठेवू?" आणि तेव्हापासून मी एका भलत्याच वादात सापडले आहे.

लायब्ररी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आपल्या महाविद्यालयाचे ग्रंथालय आले. ती उंच कपाटे, तो वाळवीच्या औषधाचा वास, आणि "आवाज कमी" म्हणणाऱ्या बाई. ते सगळे कुणाच्या पोटात जाणार हे मला कळेना. दादा हसला. संगणकाच्या व्यवसायात लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेले, पुन्हा पुन्हा लागणारे काम. शब्द अकारविल्हे लावणे, पडद्यावर अक्षर रेखाटणे, फाइल दाबून लहान करणे, अशी कामे प्रत्येक जण नव्याने लिहीत बसत नाही. ती तयार घेतो आणि आपल्या कार्यक्रमाला जोडतो. या जोडण्याच्या दोन रीती आहेत. एकीला स्टॅटिक लिंकिंग म्हणतात, दुसरीला डायनॅमिक. पहिलीत त्या तयार कामाची प्रतच आपल्या कार्यक्रमात कायमची शिवून टाकतात. दुसरीत नुसते नाव लिहून ठेवतात, की बाबा, अमुक काम अमुक लायब्ररीकडून करून घे. कार्यक्रम सुरू होतो तेव्हा ती लायब्ररी त्या यंत्रावर शोधायची आणि तिथल्या तिथे जोडून घ्यायची. जोडण्याचे काम करणाऱ्याला लिंकर म्हणतात. आय.टी.आय.च्या पाटीवर 'जोडारी' असा सुंदर शब्द असतो, तो इथे का वापरीत नाहीत कोण जाणे.

"म्हणजे शिदोरी की खानावळ," मी म्हटले. पेठेत राहून खानावळीचे जेवण ज्यांनी वर्षानुवर्षे गिळले आहे अशा माझ्या वाचकांना याहून जास्त सांगायला नको. दादा म्हणाला, "तेच. पण तू समजतेस तितकं ते सोपं नाही."

खरोखरच नव्हते. पण त्याआधी हा उपद्व्याप कशासाठी चालला होता ते सांगितले पाहिजे.

माझे आजोबा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. वयाच्या सतराव्या वर्षी त्यांनी कंपोझिंग स्टिक हातात धरली, आणि खिळे जुळवण्याचा धंदा संपला तेव्हाच ती खाली ठेवली. आज ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. देवनागरीच्या केसमध्ये घरे शेकड्यांनी असतात, काही अक्षरे काना-मात्रेसकट अखंड ओतलेली, काही तुकडे जुळवून करायची. त्या सगळ्या घरांत आजोबांचा हात न बघता जात असे. शाळा सातवीत सुटली होती, पण छापायला येणारा प्रत्येक मजकूर उलटा वाचून वाचून त्यांनी जे शब्द जमवले, ते आमच्या विभागातल्या कुणाकडे नसतील. नवा शब्द कानावर पडला की पाठकोऱ्या कागदाच्या कपट्यावर तो लिहायचा, खाली अर्थ लिहायचा, आणि कपटा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. छापखान्यातले शब्द, बाइंडरचे शब्द, आमच्या गावाकडचे शेतीचे शब्द, आजीच्या माहेरचे शब्द. असे नऊ डबे. मी मोजल्या त्या चिठ्ठ्या तीन हजार सातशेच्या वर भरल्या.

डेक्कन कॉलेजमध्ये संस्कृतच्या महाकोशाचे काम १९४८ साली सुरू झाले. तिथे सुमारे एक कोटी चिठ्ठ्या आहेत. द्वितीय वर्षाला असताना सरांनी आम्हांला तो चिठ्ठ्यांचा खजिना दाखवायला नेले होते. तिथून परत येताना बसमध्ये मला घरचे बिस्किटांचे डबे आठवले आणि थोडी लाज वाटली. एक कोटीसाठी एवढी मोठी व्यवस्था, आणि तीन हजार सातशेंसाठी माळा. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या घालवून मी त्या सगळ्या चिठ्ठ्या टंकित केल्या. मग दादाने त्यांवर एक लहानसा कार्यक्रम लिहायचे कबूल केले. शब्द टाइप केला की चिठ्ठी समोर यावी, एवढेच. पाच जणांना त्याच्या प्रती द्यायच्या असे ठरले. आपले ग्रंथालय, आजोबा रोज सकाळी वर्तमानपत्रे वाचायला जातात ते पेठेतले वाचनालय, सातारची आत्या, कोल्हापूरचे काका आणि विभागातले सर. सरांचा संगणक सोडला तर बाकी सगळीकडे लिनक्स होते, कारण ते फुकट मिळते आणि दादानेच ते बसवून दिले होते. सरांसाठी वेगळी प्रत करावी लागली, ती कहाणी इथे नको.

दादाने पहिली प्रत खानावळीच्या रीतीने केली. सगळ्या लायब्रऱ्या यंत्रावर आहेतच, मग आपण कशाला ओझे वाहायचे? कार्यक्रम इतका छोटा झाला की एखादा फोटोसुद्धा त्याहून मोठा असतो. मी पेन ड्राइव्ह घेऊन मोठ्या ऐटीत ग्रंथालयात गेले. कार्यक्रम उघडलाच नाही. पडद्यावर एक ओळ उमटली, तिचा मराठीत अर्थ इतकाच की, 'ग्लिबसी २.३४ सापडली नाही'. बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या दृष्टीचे वर्णन करण्याची गरज नाही, पुस्तक उशिरा परत केलेल्या प्रत्येकाने ती अनुभवली आहे.

ग्लिबसी ही लिनक्सवरची सर्वांत खालची लायब्ररी. जवळजवळ प्रत्येक कार्यक्रम तिच्यावर उभा असतो. तिची २.३४ ही आवृत्ती ऑगस्ट २०२१ मध्ये आली. दादाचे यंत्र त्यानंतरचे, ग्रंथालयाचे त्याआधीचे. या लायब्ररीचे पालक एक वचन कसोशीने पाळतात. जुन्या आवृत्तीवर बांधलेला कार्यक्रम नव्या आवृत्तीवर चालेल. उलट बाजूचे वचन मात्र कुणीच दिलेले नाही, आणि देणे शक्यही नाही. जी भाजी अजून खानावळीच्या पाटीवर चढलेलीच नाही ती मागितली तर मिळणार कशी? उपाय सोपा होता. पाचही यंत्रांत जे सर्वांत जुने, त्यावर बसून कार्यक्रम बांधायचा. दादाने तसे केले आणि दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात तो चालू झाला. मला वाटले, संपले.

खरा घाव पुढे बसला, आणि तो वाचनालयात बसला. तिथे मी आजोबांनाच घेऊन गेले होते. त्यांना खुर्ची दिली, चष्मा पुसून दिला. काय शोधायचे ते त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. एका बोटाने, एकेक अक्षर शोधीत, त्यांनी शब्द टाइप केला : खळ. खळ म्हणजे बाइंडर लोक पुस्तक चिकटवायला पीठ शिजवून करतात ती. त्यांच्या पहिल्या डब्यातली ती पहिली चिठ्ठी, एकोणीसशे अठ्ठावन सालची. कार्यक्रमाने उत्तर दिले, 'शब्द सापडला नाही'.

आजोबा थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "गेला म्हणायचा." आणि उठून वर्तमानपत्राकडे गेले. मी ती चिठ्ठी स्वतःच्या हाताने टंकित केली होती. ती त्या यंत्रात होती हे मला पक्के ठाऊक होते. घरी येऊन मी दादाला फोन केला तेव्हा माझा आवाज बरोबर नव्हता.

कारण शोधायला दादाला दोन रात्री लागल्या. ते समजले तेव्हा तो माझ्याच विषयातले निघाले! आपण शाळेत वर्णमाला शिकतो तीत ळ कुठे येतो? ह च्या नंतर, आणि त्याच्यामागून क्ष आणि ज्ञ. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही हाच क्रम आहे. परंतु संगणकात प्रत्येक अक्षराला युनिकोडचा एक अंक दिलेला असतो, आणि त्या अंकांच्या रांगेत ळ बसला आहे ल च्या शेजारी, व च्या आधी. अंक हे नुसते घरक्रमांक, ते वर्णक्रम सांगत नाहीत. कोणत्या भाषेत कोणते अक्षर कुणाच्या मागे उभे राहायचे हे सांगण्याचे काम वेगळी लायब्ररी करते. दादाच्या यंत्रावर मराठीचा क्रम व्यवस्थित बसवलेला होता. वाचनालयाच्या यंत्रावर तो बसवलेलाच नव्हता, म्हणून ते बिचारे अंकांच्या क्रमाने चालत होते.

आता गंमत अशी की, शब्दांची यादी दादाने आपल्या घरी लावून पाठवली होती. तीत 'खस' आधी आणि 'खळ' नंतर. शब्द शोधताना कार्यक्रम पहिल्यापासून वाचीत बसत नाही. कोशात आपण करतो तसेच करतो : मधले पान उघडायचे, आपला शब्द आधी की नंतर ते पाहायचे, अर्धा कोश सोडून द्यायचा, उरलेल्याचे पुन्हा मधले पान. तीन हजार सातशे शब्दांत जास्तीत जास्त बारा वेळा असे केले की शब्द हाती लागतो. पण 'आधी की नंतर' हा प्रश्न तो त्या यंत्रावरच्या लायब्ररीला विचारीत होता. ती म्हणाली, 'खळ' तर 'खस'च्या आधी. कार्यक्रम डावीकडे वळला. शब्द उजवीकडे होता. दोघेही आपापल्या जागी खरे होते आणि शब्द मात्र हरवला होता.

मला वाटले होते, ही आमच्यासारख्या हौशी लोकांची फजिती. दादा म्हणाला, हीच फजिती जगभराची झाली आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीत क्रमवारीचे कोष्टक नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले. बदल योग्यच होता. परंतु पोस्टग्रेस नावाची माहितीची मोठमोठी कोठारे सांभाळणारी जी प्रणाली आहे, ती क्रमासाठी याच लायब्ररीवर विसंबून होती. कोठारातली सूची जुन्या क्रमाने लावलेली, आणि यंत्र अद्ययावत केल्यावर शोध नव्या क्रमाने. नोंद आत असून सापडेना. एकच असायला हवी अशी नोंद दोनदा शिरू लागली. शेवटी सूची नव्याने बांधणे हाच उपाय. २०२४ साली पोस्टग्रेसच्या सतराव्या आवृत्तीत साध्या अंकक्रमावर चालणारा, पण स्वतःच्या पोटातला, यंत्र बदलले तरी न बदलणारा क्रम देण्याची सोय झाली. एवढ्या मोठ्या खानावळप्रिय मंडळींनीही एक पोळी-भाजीचा डबा बरोबर ठेवलाच म्हणायचा.

मी अर्थातच तेव्हा शिदोरीच्या बाजूला गेले. सगळेच पोटात घाल, कुणावर अवलंबून राहायचे नाही, असा माझा आग्रह सुरू झाला. घरी जेवताना हा वाद चालला असताना आजोबांनी पानशेतची गोष्ट काढली. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले, तेव्हा त्यांच्या छापखान्यात छातीएवढे पाणी होते. खिळ्यांच्या केसेस उलटल्या, शिसे चिखलात गेले. मालकाने महिनाभराने काम सुरू केले ते लष्कर भागातल्या एका छापखान्याकडून उसने खिळे आणून. "ते खिळे दुसऱ्या फाउंड्रीचे," आजोबा म्हणाले. "उंची तीच, पण वळण निराळं. एका ओळीत दोन तऱ्हेचे 'स'. गिऱ्हाइकांनी नावं ठेवली. पण उसने मिळाले नसते तर आम्ही जेवलो काय असतो?" हे बोलणे माझ्या बाजूचे की दादाच्या, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

उसन्या वळणाची गोष्ट आपल्या पुण्याला नवी नाही. सी-डॅक ही संस्था १९८८ साली इथेच स्थापन झाली आणि भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे पुष्कळ काम तिने केले. श्रीलिपी तयार करणारी मॉड्युलर इन्फोटेकही पुण्याचीच. एके काळी आप्पा बळवंत चौकाच्या आसपासचा सगळा मराठी मजकूर अशा फाँटांत जुळत असे. परंतु त्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये मराठी अक्षरे नसतच. इंग्रजी अक्षरांचे संकेत असत, आणि फाँट त्यांना मराठीचा वेश चढवी. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की मराठीऐवजी चिन्हांचा कचरा दिसे. आपल्या याच वार्षिकाच्या जुन्या अंकांच्या काही फाइली बाईंनी मला दाखवल्या, त्या आज अशाच दिसतात. नाव लिहिलेले आहे, ज्याचे नाव तो हजर नाही. उलट ज्या अंकांच्या पी.डी.एफ. केल्या होत्या त्या स्वच्छ वाचता येतात, कारण त्यांनी आपला फाँट बरोबर बांधून आणला आहे. मी हा पुरावा दादापुढे विजयी मुद्रेने ठेवला.

त्यावर दादाने मला डिसेंबर २०२१ ची गोष्ट सांगितली. तो हिंजवडीला नोकरी करतो. कुठे ते सांगत नाही, कारण त्याला ते आवडणार नाही. एका शुक्रवारी बातमी आली की, लॉगफोरजे नावाच्या, जावा भाषेतल्या नोंदवहीसारख्या एका लायब्ररीत भयंकर भोक आहे, बाहेरचा माणूस त्यातून आत शिरू शकतो. एका जागी दुरुस्ती करून भागले असते तर त्याला शनिवारी लग्नाला जाता आले असते. परंतु ती लायब्ररी जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाने आपापल्या गाठोड्यात बांधून घेतली होती. गाठोड्यात गाठोडे, त्याच्या आत आणखी एक. कुणाच्या शिदोरीत तो विटलेला घास आहे याची यादीच कुणाकडे नव्हती. प्रत्येक गाठोडे सोडून पाहण्यात तो शनिवार, रविवार आणि पुढचा आठवडा गेला. "जावाची रीत थोडी वेगळी," तो म्हणाला, "पण दुखणं हेच." असेच मार्च २००२ मध्ये झेडलिब या फाइली दाबणाऱ्या लायब्ररीच्या बाबतीत झाले होते. यंत्रावरची सामाईक प्रत दुरुस्त झाली की तिच्या आधारावरचे सगळे कार्यक्रम एका झटक्यात सुधारले. ज्यांनी तिची प्रत पोटात घेतली होती ते मात्र एकेक करून शोधावे लागले, आणि लिनक्सचा गाभाच त्यांतला एक निघाला.

मग खानावळ बरी? तसेही नाही. २९ मार्च २०२४ रोजी पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी जाहीर केले की, एक्सझेड नावाच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी मुद्दाम चोरवाट ठेवली आहे. दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्याशा खटक्यावरून ते तिथे पोहोचले. त्या प्रवेशद्वारच्या कार्यक्रमाला फाइल दाबणाऱ्या लायब्ररीची खरे तर गरजच नव्हती. काही लिनक्स वितरणांत त्याला आणखी एक लायब्ररी जोडलेली होती, आणि तिने हिला आपल्याबरोबर आत आणले होते. आपण एका पाहुण्याला बोलवावे आणि त्याच्याबरोबर त्याचा अनोळखी मित्रही पंगतीला बसावा, तसे. अर्धा सेकंद कुणाला खटकला नसता तर त्या स्वयंपाकघरातले विष किती ताटांत गेले असते, हा विचार करून मला त्या रात्री बराच वेळ झोप आली नाही. आणि मी मराठीची विद्यार्थिनी!

हा वाद जुनाच आहे. वापराच्या वेळी जोडण्याची कल्पना १९६० च्या दशकातल्या मल्टिक्स या प्रणालीत होती. युनिक्सच्या घराण्यात ती रुळली ती बरीच उशिरा. सनओएसची चौथी आवृत्ती १९८८ ची, तिच्यात ती आली. खिडक्या आणि चित्रे दाखवणारे कार्यक्रम तोवर लठ्ठ झाले होते, आणि स्मरणशक्ती महाग होती. दहा कार्यक्रमांनी एकाच लायब्ररीची एकच प्रत वापरली तर जागा वाचते हे तेव्हा मोठे कारण होते. जागा स्वस्त झाल्यावर ते कारण फिके पडले. २००९ साली आलेल्या गो या भाषेने सगळे पोटात घालण्याचीच रीत उचलली, आणि ती लोकांना आवडली. फेडोरासारखी वितरणे मात्र आजही सामाईक लायब्ररीचाच आग्रह धरतात, कारण दुरुस्ती एका जागी होते आणि दुरुस्ती करणारी माणसे त्यांच्याकडे आहेत.

हे शेवटचे वाक्य दादाने सहज उच्चारले. मला मात्र त्यातच आमच्या प्रश्नाची किल्ली दिसली. खानावळ चांगली की वाईट हे तिथे आचारी आहे की नाही यावर नाही का ठरत? आमच्या पाच यंत्रांचा आचारी कोण? ग्रंथालयाचा संगणक ग्रंथालयाच्या बाईंच्या ताब्यात, आणि त्यांना पुस्तकेच पुरतात. वाचनालयाच्या यंत्राला दादाने ते बसवल्यापासून कुणी हात लावलेला नाही. आत्या तर लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल घालून ठेवते. तिथे कुणी लायब्ररी अद्ययावत करणार नाही, आणि केलीच तर ती आम्हांला न विचारता होईल, शब्द पुन्हा हरवेल. दुसऱ्या बाजूने पाहिले तर आमचा कार्यक्रम कुणाशी बोलत नाही. त्याला इंटरनेट लागत नाही, बाहेरची फाइल तो उघडत नाही. एका म्हाताऱ्याचे शब्द दाखवणे एवढेच त्याचे काम. चोराला आत शिरायला त्यात दार नाही. नेट लागले असते तर मी या लेखात निराळे लिहिले असते.

म्हणून आम्ही मधली वाट काढली. वर्णक्रम सांगणारी आय.सी.यू. नावाची लायब्ररी तेवढी पोटात घेतली. ती जगातल्या भाषांचे क्रम, तारखा, अंक यांचे एवढे भांडार बाळगते की ते सुमारे तीस मेगाबाइट भरते. दादाने बाकीच्या भाषा काढून मराठीपुरते ठेवले तेव्हा ते आटोक्यात आले. ळ, क्ष, ज्ञ आपापल्या जागी आहेत हे मी मोल्सवर्थ शेजारी न ठेवता, शाळेतला तक्ता ठेवून तपासले. ग्लिबसी मात्र बाहेरच ठेवली. ती पोटात घेतली तरी काही कामांसाठी यंत्रावरची प्रत शोधायला जातेच, असे दादा म्हणाला, आणि शिवाय तिच्या परवान्याची अट आहे. तो परवाना असा की, ही लायब्ररी शिवून टाकलीत तर घेणाऱ्याला ती बदलून पुन्हा जोडता येईल अशी सोय तुम्ही द्यायला हवी. १९९१ साली त्या परवान्याच्या नावात 'लायब्ररी' हाच शब्द होता. १९९९ मध्ये तो काढून त्या जागी 'उणे' अशा अर्थाचा शब्द घातला. भाषाशास्त्राच्या तासाला हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट मी स्वतःच्या डोक्याने केली. एका वहीत पाच पाने आखली. प्रत कुणाकडे, कोणत्या तारखेला दिली, आणि तिच्या पोटात कोणती लायब्ररी कितव्या आवृत्तीची. दादाने वही पाहिली आणि म्हणाला, "ही वही त्या डिसेंबरात आमच्याकडे असती तर!" एवढी स्तुती त्याने माझी आजवर कधी केलेली नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी आजोबांना पुन्हा वाचनालयात नेले. ते यायला तयार नव्हते. "नसलेला शब्द किती वेळा शोधायचा?" असे त्यांचे म्हणणे. मी चष्मा पुसून दिला. त्यांनी पुन्हा त्याच एका बोटाने ख शोधला, मग ळ शोधला. चिठ्ठी समोर आली. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"अगं," ते म्हणाले, "यात मोरचूद घालायचं लिहिलंच नाही. मोरचूद नसेल तर कसर लागते पुस्तकाला. सतरा वर्षांचा होतो, मला काय कळत होतं! दुरुस्त कर हे."

चिठ्ठ्याही कार्यक्रमाच्या पोटातच आहेत. म्हणजे पाचही प्रती नव्याने बांधायच्या, पाचही जागी जाऊन द्यायच्या, आणि वहीत पाच नव्या तारखा लिहायच्या. ग्रंथालय आणि वाचनालय त्याच आठवड्यात उरकले. सरांची प्रत विभागात ठेवली आहे. कोल्हापूरची दादा नेणार आहे. साताऱ्याची एस.टी. उद्या सकाळी सव्वासहाला स्वारगेटहून आहे, आणि आत्याने येताना चितळ्यांची बाकरवडी आणायला सांगितले आहे.